हेडच्या बोल्टखालचा वॉशर

उद्यमनगरात वॉशर किलोवर मिळतात, पण इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) बसवताना ती पिशवी लांबच ठेवा. मऊ वॉशर दबतो. टॉर्क रेंच (टॉर्क म्हणजे पिळाचा जोर मोजून आवळणारा पाना) ‘टक्’ वाजला तरी बोल्टमध्ये हवा तेवढा ताण टिकत नाही. कडक केलेला सपाट वॉशरच घ्या. स्प्रिंग वॉशर तर नकोच. भोकाची चॅम्फर मारलेली, म्हणजे तिरकी कापलेली, कड वर, बोल्टच्या डोक्याकडे. उलटा बसला तर डोक्याखालची गोलाई धारेवर चढते.

तेल आट्यांना आणि वॉशरच्या वरच्या तोंडाला. खालची बाजू फडक्यानं पुसून कोरडी, कारण फिरायचं बोल्टनं, वॉशरनं नव्हे. टॉर्कचा साधारण निम्मा जोर डोक्याखालच्या घर्षणातच खर्ची पडतो. मार्करनं वॉशर आणि हेडवर मिळून एक रेघ मारा. ती तुटली म्हणजे वॉशर फिरला, बोल्ट सोडून परत आवळा. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये वॉशर दाखवलेलाच नसेल, तर मनानं घालू नका.