टेनिससाठी ताकदीचा व्यायाम : आधी हात थांबवायला शिका

टेनिस खेळणाऱ्याने वजने उचलायची ती चेंडू जोरात मारता यावा म्हणून, अशी बहुतेकांची समजूत असते आणि जिममध्येही त्याच समजुतीने व्यायाम लिहून दिला जातो. वीसहून अधिक वर्षे स्वतः खेळल्यावर आणि क्लबातल्या खेळाडूंकडून व्यायाम करून घेतल्यावर माझी खात्री झाली आहे की खेळाडू जायबंदी होतो तो जोर कमी पडल्यामुळे क्वचितच. लावलेला जोर थांबवता न आल्यामुळे मात्र नेहमी होतो. सर्व्हिस करताना खांदा आत वळण्याचा वेग सेकंदाला १००० अंशांच्या पुढे जातो आणि चेंडू सुटल्यावर तोच हात क्षणार्धात थांबवावा लागतो. हात पुढे फेकायला छातीचे आणि पाठीचे मोठे स्नायू हाताशी असतात, पण त्याला आवर घालण्याचे बरेचसे काम फऱ्याच्या (खांद्यामागच्या पसरट हाडाच्या) मागच्या बाजूला असलेल्या लहान स्नायूंवर येऊन पडते. पुढील क्रम याच विचाराने बांधलेला आहे. तो आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान ४८ तासांचे अंतर ठेवून करावा आणि सामन्याच्या आदल्या दिवशी करू नये.

सुरुवात पायांपासून करावी, कारण सर्व्हिसच्या जोराचा निम्म्याहून अधिक वाटा पाय आणि कंबर मिळून देतात. एक पाय पुढे ठेवून केलेले स्क्वॅट, बाजूला टाकलेले लंज (लांब पाऊल टाकून त्या गुडघ्यात वाकणे), गुडघे किंचित वाकवून खुब्यातून केलेली डेडलिफ्ट (पुढे झुकून वजन उचलत सरळ होणे) आणि पोटऱ्यांसाठी टाचा उचलणे, यांचे प्रत्येकी आठ ते दहा वेळांचे तीन सेट पुरेसे आहेत.

त्यानंतर ओढण्याचे व्यायाम ढकलण्याच्या व्यायामांच्या दुप्पट करावेत. म्हणजे पुशअप्सचे दोन सेट केले, तर रोइंगचे, म्हणजे वजन अंगाकडे ओढण्याचे, चार. बेंच प्रेसवर (बाकावर उताणे झोपून छातीवरून वजन वर ढकलणे) वजन चढवत नेण्याचा नाद टेनिसपटूने सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. छाती आधीच रोज शेकडो फटके मारून कसलेली असते आणि तिला आणखी कसल्याने खांदे पुढे ओढले जातात.

कमरेसाठी मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा जड चेंडू, भिंतीवर फेकावा. दोन-तीन किलोचा बॉल पुरतो. खुबा आधी वळला पाहिजे आणि हात शेवटी आले पाहिजेत. बॉल जड घेतला की हा क्रम बिघडतो आणि सगळा भार पाठीच्या खालच्या मणक्यांवर येतो.

आता खांद्याच्या मागच्या बाजूकडे येतो. हा टप्पा दिसायला सर्वांत सोपा आहे आणि मी स्वतः सर्वाधिक काळ चुकलो तो इथेच. तिशीत असताना माझ्या उजव्या खांद्यात पुढच्या बाजूला कळ येऊ लागली. सर्व्हिस तर दूरच, गाडीत बसून पट्टा ओढून घेतानाही हात आखडायचा. खांदा कमकुवत आहे, तो मजबूत करा, असे सांगून एका प्रशिक्षकाने मला डोक्यावर वजन ढकलायला लावले आणि मागच्या स्नायूंसाठी म्हणून उभे राहून, कोपर अंगाला लावून, हातातले डंबेल बाहेर वळवायला सांगितले. दोन महिन्यांनी दुखणे वाढले होते. डंबेलचे वजन नेहमी जमिनीकडे खेचते. उभे राहून हात आडवा फिरवला, तर त्या फिरण्याला वजनाचा विरोध होतच नाही, फक्त पुढचा दंड डंबेल पेलून थकतो. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. आजही कित्येक जिममध्ये हाच व्यायाम याच पद्धतीने करून घेतला जातो. तो ताबडतोब बंद करावा.

डंबेल वापरायचेच असेल, तर कुशीवर झोपावे. दुखरा किंवा खेळता हात वर, कोपर काटकोनात, आणि कोपर व बरगड्या यांच्या मध्ये गुंडाळलेला छोटा टॉवेल धरावा. हात पोटापासून सुरू होऊन मनगट कोपराच्या किंचित वर येईपर्यंत न्यावा आणि सावकाश परत आणावा. मला एका फिजिओथेरपिस्टने पहिल्या दिवशी अर्ध्या किलोचे डंबेल दिले आणि नवव्या वेळेला माझा टॉवेल खाली पडला. टॉवेल पडणे हीच खूण धरावी : मागचा स्नायू दमला, आता शरीर कोपर उचलून आणि धड वळवून वेळ मारून नेत आहे. तो पडला की सेट संपला, मग ठरवलेला आकडा कितीही शिल्लक असो.

कोर्टवर रबरी पट्टा जास्त सोयीचा पडतो. जाळीच्या खांबाला तो कोपराच्या उंचीवर बांधावा आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याने आपली डावी बाजू खांबाकडे करून उभे राहावे, म्हणजे पट्टा पोटावरून आडवा येतो. टॉवेल इथेही हवाच. हात बाहेर न्यायला एक सेकंद लागला तर परत आणायला चार सेकंद लागले पाहिजेत, आणि या बाबतीत मी कोणालाही सवलत देत नाही. सर्व्हिसनंतर हात थांबतो तेव्हा हे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावत असतात; परतीच्या चार सेकंदांत नेमके तेच काम त्यांना शिकवले जाते. पट्टा झटक्यात परत जाऊ दिला, तर व्यायामातला मुख्य भागच गळून जातो. पंधरा-पंधरा वेळांचे दोन किंवा तीन सेट करावेत. मनगट मागे मोडू देऊ नये, खांदा कानाकडे चढू देऊ नये.

चार ते सहा आठवडे हे निर्दोष जमल्यावरच पुढची पायरी घ्यावी. खांबाकडे तोंड करून कोपर खांद्याच्या उंचीवर आणावे, पण ते शरीराच्या सरळ रेषेत न ठेवता थोडे पुढे, नजरेच्या कडेला दिसेल इतके ठेवावे. डाव्या हाताच्या मदतीने उजवा तळवा वर न्यावा, मग डावा हात सोडून एकट्या उजव्याने पट्ट्याला विरोध करत चार सेकंदांत खाली यावे. ज्यांना पहिल्या पायरीतच घाई असते, त्यांचे कोपर इथे हमखास खाली घसरते.

थकवा कुठे जाणवतो याकडे बारीक लक्ष ठेवावे. तो काखेच्या मागे, फऱ्यावर खोलवर जाणवला तर काम योग्य ठिकाणी होत आहे. मानेपाशी जाणवला, तर पट्टा फार कडक आहे, हलका घ्यावा. खांद्याच्या पुढच्या टोकाला टोचल्यासारखे झाले, तर थांबावे, आणि आठवडाभरात तसे होणे थांबले नाही, तर फिजिओथेरपिस्टला दाखवावे. दुखणे मोडून काढायच्या इराद्याने व्यायाम करणाऱ्यांनी वर्ष-वर्ष वाया घालवलेले मी पाहिले आहे. आणखी एक चूक मी अनेक महिने केली : हे सर्व दमेपर्यंत करून मग सर्व्हिसच्या सरावाला उभा राहत असे, म्हणजे आवर घालणारे स्नायू थकवून त्यांच्यावरच भार टाकत असे. खेळण्यापूर्वी मोकळे होण्यापुरते दहा वेळा करावे. खरा व्यायाम खेळ झाल्यावर.

यानंतर खेळता हात छातीवरून आडवा घेऊन दुसऱ्या हाताने अर्धा मिनिट हलका ओढून धरावा.

दमासाठी रोज पाच किलोमीटर पळण्याचा सल्ला मला मान्य नाही. टेनिसमधला बहुतेक गुण दहा सेकंदांच्या आत संपतो, दोन गुणांमध्ये जास्तीत जास्त २५ सेकंद मिळतात आणि बाजू बदलताना ९० सेकंद. तेव्हा सरावही याच मापाने करावा. बेसलाइनच्या मध्यखुणेवर उभे राहावे. एकेरीचे कोर्ट ८.२३ मीटर रुंद असल्यामुळे दोन्हीकडची कडेची रेषा तिथून चार मीटरांच्या थोडी पुढे येते. एका रेषेपर्यंत धाव, परत मध्यावर, मग दुसऱ्या रेषेपर्यंत, असे दहा-बारा सेकंद करून २५ सेकंद थांबावे. असे सहा वेळा झाले की ९० सेकंद विश्रांती, आणि अशा चार फेऱ्या. महाराष्ट्रातल्या एप्रिल-मेमध्ये हे सकाळी आठच्या आत उरकावे, कारण सिमेंटचे कोर्ट त्यानंतर खालूनही भाजू लागते. प्रत्येक रेषेवर बाहेरचा पाय पूर्ण टेकवून, गुडघा वाकवून, क्षणभर स्थिर उभे राहून मगच वळावे. गुडघा आतल्या बाजूला कोसळू लागला, तर फेऱ्या कितीही उरल्या असल्या तरी त्या दिवशीची धाव तिथेच थांबवावी.