लिनक्सवर यूएसबी साउंड कार्ड खरखरतंय? या चुका टाळा

कार्ड नवीन, केबल नवीन, गाणं सुरू केलं आणि दर काही सेकंदांनी खर्र. मग शोधाशोध होते, कुठून तरी चार ओळी उचलून फाइलीत डकवल्या जातात, मशीन रीस्टार्ट होतं आणि खरखर आहे तिथेच. ते उपाय बहुधा खोटे नसतात, पण दुसऱ्याच दुखण्यावरचे असतात.

(आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी स्मॉल अक्षरांत टाइप करायच्या.)

न मोजता उपाय सुरू करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. फेडोरा ३४ (२०२१) आणि उबुंटू २२.१० (२०२२) पासून या डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या तयार आवृत्त्यांमध्ये) आवाजाचा कारभार पाइपवायरकडे आहे आणि त्याच्यासोबत मोजायचं साधनही मिळतं. टर्मिनलमध्ये 'पीडब्ल्यू-टॉप' चालवा. प्रत्येक डिव्हाइसची आणि प्रत्येक ॲपची एक ओळ दिसेल. त्यात 'ईआरआर' नावाचा रकाना शोधा, गाणं लावा आणि नजर त्या आकड्यावर ठेवा.

प्रत्येक खर्रबरोबर तो आकडा वाढत असेल, तर तुमचं मशीन कार्डाला वेळेत आवाज पुरवत नाहीये. दोष सॉफ्टवेअरच्या बाजूला आहे, बफर (एका वेळी साठवून पाठवला जाणारा आवाज) आणि सेटिंग तपासा. आकडा हलत नसेल आणि खरखर चालूच असेल, तर केबल, हब, वीज किंवा व्हॉल्यूमकडे वळा. यूएसबीवर आवाज ज्या पद्धतीने जातो त्यात बिघडलेलं पॅकेट पुन्हा पाठवायची सोयच नसते. ते गेलं की गेलं, आणि पाइपवायरला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून शून्यावर अडकलेला ईआरआर म्हणजे 'सगळं ठीक' असं समजू नका.

बफर वाढवायचा, पण भलत्याच फाइलीत

पीडब्ल्यू-टॉपच्या त्याच पडद्यावर 'क्वांट' हा रकाना आहे, तोच हा बफर. एका फेरीत किती सॅम्पल (आवाजाचे बारीक नमुने) जातात ते त्यात दिसतं. ४८००० हर्ट्झवर १०२४ म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद. एखादा गेम किंवा रेकॉर्डिंगचं ॲप कमी विलंब मागतं, क्वांट २५६ वर येतो, म्हणजे जेमतेम ५ मिलिसेकंद, आणि जुन्या लॅपटॉपची दमछाक होते. खरखर फक्त ठराविक ॲप उघडल्यावरच येत असेल, तर बहुधा हेच घडतंय.

याची चाचणी रीस्टार्ट न करता होते: 'पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज ० क्लॉक.फोर्स-क्वांटम १०२४'. (-एन मधला एन स्मॉल, आकडे इंग्रजी.) फरक लगेच ऐकू येतो. भागलं नाही तर २०४८ करून बघा. शेवटी १०२४ च्या जागी ० दिलं की सगळं पूर्ववत. खरखर थांबली, तरच कायमचा बदल करा. तो करताना यूएसआर-शेअरमधली मूळ फाइल उघडू नका, पुढचं अपडेट ती पुसून टाकेल. होम फोल्डरमधल्या '.कॉन्फिग/पाइपवायर/पाइपवायर.कॉन्फ.डी' मध्ये एक छोटी फाइल ठेवा आणि त्यात फक्त मिन-क्वांटम (क्वांटची किमान मर्यादा) लिहा.

२०४८ म्हणजे जवळपास ४३ मिलिसेकंद. गाणी ऐकायला काहीच हरकत नाही. पण हेडफोन लावून स्वतःचा आवाज ऐकत गाणाऱ्याला एवढा उशीर सहन होत नाही. कार्डावर डायरेक्ट मॉनिटरचं (माइकचा आवाज थेट हेडफोनला देणारं) बटण असेल तर ते वापरा, मग बफर मोठा ठेवला तरी चालतो.

क्वांट पुरेसा असूनही ईआरआर वाढत असेल, तर वायरप्लंबरमध्ये (पाइपवायरसोबत चालणारा, डिव्हाइस सांभाळणारा प्रोग्राम) त्या एकाच कार्डासाठी 'हेडरूम', म्हणजे जादा बफर, वाढवता येतं. इथे एक खड्डा आहे. वायरप्लंबर ०.५ पासून लुआ भाषेतल्या जुन्या सेटिंग फाइली वाचल्याच जात नाहीत. आधी 'वायरप्लंबर --व्हर्जन' बघा, मगच कुणाची फाइल उचला.

मेलेल्या सेटिंगवर विश्वास

'टीशेड=० करा' हा सल्ला पल्सऑडिओच्या (पाइपवायरच्या आधी आवाज सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) काळात सोन्यासारखा होता आणि पल्सऑडिओ अजून असेल तिथे आजही उपयोगी पडतो. पण पाइपवायर पल्सऑडिओच्या सेटिंग फाइली वाचत नाही. 'पीएसीटीएल इन्फो' ही आज्ञा द्या. सर्व्हरच्या नावापुढे 'पल्सऑडिओ (ऑन पाइपवायर)' असं काही दिसलं, तर डीमन.कॉन्फ किंवा डीफॉल्ट.पीए या त्या फाइलींमध्ये काहीही लिहा, उपयोग शून्य.

त्याहून जुनं भूत म्हणजे एनआरपॅक्स. 'एसएनडी-यूएसबी-ऑडिओला (यूएसबी साउंड कार्डाच्या ड्रायव्हरला) एनआरपॅक्स=१ द्या' असं अजूनही सांगितलं जातं. कर्नलमधून (लिनक्सच्या गाभ्यातून) हा पर्याय काढून दहा वर्षं उलटली. ती ओळ लिहिली तर कर्नल लॉगमध्ये अनोळखी पॅरामीटर म्हणून नोंद करतो आणि पुढे जातो. त्यानंतर खरखर कमी झाल्यासारखी वाटली, तर श्रेय रीस्टार्टला द्या.

सॅम्पल रेट उगाच चढवणं

४४१०० हर्ट्झची गाणी ४८००० वर बदलून वाजवली म्हणून खरखर होत नाही, ते काम साधा प्रोसेसरही सहज करतो. उलट 'क्वालिटी' म्हणून १९२००० लावणं अंगाशी येतं. क्वांट १०२४ च राहिला, तर २१ मिलिसेकंदांची सवड ५ वर येते. तुमचं कार्ड कोणते रेट घेतं ते 'प्रॉक/एसाउंड' मधल्या त्या कार्डाच्या फोल्डरातली 'स्ट्रीम०' फाइल उघडली की कळतं. ४८००० वर ठेवा आणि विसरून जा.

वीज वाचवणारी अवजारं आणि हब

बॅटरी टिकावी म्हणून पॉवरटॉप या अवजाराचं ऑटो-ट्यून चालवलं असेल, तर त्याने यूएसबी डिव्हाइसेसनाही झोपायची परवानगी दिलेली असते. ते न चालवता एकदा वाजवून बघा. टीएलपी हे तसंच दुसरं अवजार वापरत असाल, तर ऑडिओ डिव्हाइसेस वगळणारी 'यूएसबी_एक्सक्लूड_ऑडिओ' ही सेटिंग कुणी बंद तर केली नाही ना, ते पाहा. फक्त गाणं सुरू होताना एकदा 'ठक्' होत असेल, तर तो वेगळा प्रकार. काही सेकंद शांतता राहिली की वायरप्लंबर कार्ड निजवतो आणि ते उठताना आवाज करतं. तिथे वायरप्लंबरचा सस्पेंड-टाइमआउट शून्य करा, बफरला हात लावू नका.

कार्ड हबमध्ये असेल तर आधी थेट मशीनला लावा. 'एलएसयूएसबी -टी' मध्ये त्याच फांदीवर वेबकॅम आणि पेनड्राइव्ह लटकलेले दिसले, तर पोर्ट बदला.

लॅपटॉपचा चार्जर काढून ऐका. चार्जर काढताच गुणगुण किंवा चरचर थांबली, तर लिनक्सचा यात काही संबंध नाही. तो अर्थिंगचा किंवा चार्जरच्या गोंगाटाचा प्रश्न आहे.

फाटणाऱ्या आवाजाला खरखर समजणं

फक्त मोठ्या सुरावर, तबल्याच्या थापेवर किंवा बासवरच बिघडत असेल, तर आवाज फाटतोय. व्हॉल्यूम १०० टक्क्यांच्या वर आहे का ते पाहा. 'अल्सामिक्सर' उघडा, एफ६ दाबून कार्ड निवडा आणि तिथली पट्टीही खाली आणा. माइकचा आवाज फाटत असेल तर गेन कमी करा, एकदा फाटलेलं रेकॉर्डिंग नंतर नीट होत नाही.

एवढं करूनही थांगपत्ता लागला नाही, तर 'सुडो डीएमईएसजी -डब्ल्यू' (कर्नलचा लॉग दाखवणारी आज्ञा) चालू ठेवून गाणं लावा. त्या आज्ञेतला डब्ल्यू मात्र स्मॉलच हवा. 'कॅनॉट गेट फ्रीक' अशी ओळ दिसली तर घाबरू नका. कार्ड आपला रेट सांगायला नकार देतंय एवढाच त्याचा अर्थ, आणि बरेचदा ते निरुपद्रवी असतं. मात्र वाजता वाजता 'यूएसबी डिसकनेक्ट' आणि लगेच नवीन डिव्हाइस सापडल्याची ओळ येत असेल, तर कुठलीही फाइल उघडू नका. आधी केबल बदला, मग पोर्ट बदला, आणि तरीही तेच झालं तर कार्ड दुसऱ्या मशीनला लावून बघा.