काळ्या मातीची हायड्रोमीटर चाचणी: कण सुटे झाले तरच आकडा खरा

पुण्याच्या आसपासच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटाची, म्हणजे पाण्याने फुगणारी, चिकणमाती आणि चुनखडी दोन्ही असल्यामुळे बारीक कण एकमेकांना घट्ट धरून राहतात, आणि असे गठ्ठे हायड्रोमीटर चाचणीत (मातीमिश्रित पाण्यात तरंगते घनतामापक सोडून, कण किती वेगाने बसतात त्यावरून त्यांचे आकार ठरवणारी चाचणी) गाळाच्या, म्हणजे चिकणमातीहून जाड कणांच्या, आकाराचे म्हणून मोजले जाऊन चिकणमातीचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. म्हणून नमुना ओव्हनमध्ये न तापवता हवेवरच वाळवावा आणि कोरड्या वजनासाठी त्याच मातीचा ओलावा वेगळ्या भागावर काढावा.

कण सुटे करण्यासाठी १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ३३ ग्रॅम सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट आणि ७ ग्रॅम सोडियम कार्बोनेट घातलेले द्रावण वापरतात. ते महिन्याहून जुने नसावे, कारण साठवणीत त्याचा प्रभाव ओसरतो. नळाचे जड पाणी तर टाळावेच. माती आणि द्रावण भरलेला सिलिंडर स्थिर ठेवल्यावर थोड्याच वेळात वरचे पाणी नितळ होऊन खाली ठळक रेषा दिसली, तर कण पुन्हा गुठळले आहेत असे समजून पुढची वाचने घेत बसू नये.

एप्रिलमधल्या पुण्यात सकाळ आणि दुपार यांच्या तापमानात मोठा फरक पडतो. २० अंशांवरून ३० अंशांवर गेल्यास पाण्याची श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) सुमारे २० टक्क्यांनी घटते व कण त्या प्रमाणात वेगाने बसतात. म्हणून २४ तासांच्या वाचनापर्यंत सिलिंडर स्थिर तापमानाच्या पाण्यात ठेवणे उत्तम, अन्यथा प्रत्येक वाचनाबरोबर तापमान लिहावेच. वाचन गढूळ द्रवाच्या वरच्या कडेला घेऊन मेनिस्कसची (हायड्रोमीटरच्या दांड्याभोवती वर चढणाऱ्या द्रवाच्या वक्र पृष्ठाची) दुरुस्ती त्यात मिळवावी.