बिंदूप्रभाराचं गणित: आधी वाक्य वाचा, मग सूत्र लिहा

आर्वीकडच्या खेड्यांतली बारावीची पोट्टी कूलोमचं सूत्र, म्हणजे दोन बिंदूप्रभारांमधलं (एका बिंदूत एकवटलेल्या विद्युतभारांमधलं) बल काढायचं सूत्र, झोपेतही सांगतात. अडतात ती वाक्यात. म्हणून पेन्सिल घ्या आणि प्रभार ‘पक्के बसवलेले’ आहेत की ‘मोकळे सोडलेले’, त्या शब्दाखाली आधी रेघ ओढा.

समजा, +4 आणि +1 मायक्रोकूलोमचे दोन प्रभार 30 सेंमी अंतरावर पक्के बसवलेत. तिसऱ्या प्रभारावर बल शून्य कुठे? दोघांच्या मधे, +1 पासून 10 सेंमीवर. तिसरा केवढा, धन की ऋण, यानं काही फरक पडत नाही. पण दोघे मोकळे असून ‘तिन्ही प्रभार समतोलात’ (म्हणजे तिघांवरही बल शून्य) असं लिहिलं असेल, तर जागा तीच, तिसरा मात्र −4/9 मायक्रोकूलोमच हवा. सगळ्यात जास्त मार्क इथंच जातात, म्हणून हे दोन्ही प्रकार एकदा हातानं सोडवाच.

‘जोडणाऱ्या रेषेवर’ म्हणजे ‘मधेच’ असं धरू नका. आकृतीत रेषा दोन्हीकडे लांबवा. +1 ऐवजी −1 असता, तर शून्य बलाची जागा बाहेर, −1 च्या पलीकडे 30 सेंमीवर आली असती.

माध्यमही बघा: पाण्यात बल हवेच्या सुमारे 80 व्या हिश्शावर येतं.