जुन्या ओम्नीचा स्पार्क प्लग आटे न बिघडवता बसवायचा तर

सीटखालच्या अडचणीच्या जागेत प्लग सरळ धरता येत नाही. तो तिरका घुसला की अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात, आणि मग काम गॅरेजचं! त्यावर उपाय म्हणजे वीतभर रबरी पाइप, प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर घट्ट बसेल असा.

१. केबलींना १, २, ३ अशा चिकटपट्ट्या लावा. ओढताना टोपी धरा, वायर नाही.
२. प्लग काढण्याआधी सायकलच्या पंपाने भोवतीची धूळ उडवा. नागपूरच्या उन्हाळ्यात ती भरपूर असते आणि थेट सिलिंडरमध्ये पडते.
३. प्लग पाइपात खोचा, भोकावर टेकवा आणि पाइप बोटांनी फिरवा. आटा चुकला तर पाइप नुसताच घसरतो; जबरदस्ती होतच नाही. उलटं फिरवून पुन्हा लावा.
४. हाताने पूर्ण बसला की मगच पाना. नवा प्लग अर्धा फेरा आवळा, जुना मात्र जेमतेम बारावा हिस्सा, कारण त्याचं वायसर आधीच दबलेलं असतं.

गरम इंजिनात प्लग काढू नका. मे महिन्यात हे काम सकाळी, गाडी सुरू करण्याआधीच उरका.