रत्नागिरी पाहायची तर आधी तिथी बघा

पाहुणे आले की थिबा पॅलेस, भगवतीचा किल्ला आणि गणपतीपुळे एका दिवसात उरकायची रत्नागिरीकरांना सवय आहे. त्यात हमखास एक गोष्ट चुकते. संध्याकाळी मोठ्या हौसेने आरे-वारेच्या किनाऱ्यावर उतरावं तर लाटा सुरूच्या झाडांच्या मुळांपर्यंत आलेल्या असतात आणि पाय टेकायला पुळण, म्हणजे वाळूचा पट्टा, नसते. आठवड्याभराने तीच पुळण त्याच वेळी लांबरुंद पसरलेली सापडते. इथला समुद्र घड्याळावर चालत नाही, चंद्रावर चालतो. त्यामुळे रजा कोणत्या वारी मिळते यापेक्षा त्या दिवशी तिथी कोणती, हे आधी बघावं.

हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल तितक्या वाजता भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. दशमीला साडेसात. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही 15 धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा. भरती दिवसातून दोनदा येते, त्यामुळे तीच वेळ सकाळी आणि रात्री, किंवा पहाटे आणि दुपारी, अशी दोन्हीकडे लावायची. पूर्ण ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. प्रतिपदेला मात्र हा गुणाकार थोडा फसतो, तेव्हा भरती बाराच्या सुमारास धरून चालावं. एरवीही अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो. फिरण्यासाठी एवढं पुरतं. होडीने जायचं असेल किंवा खडकांतून चालायचं असेल तर त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रकच बघावं.

वेळेइतकंच उधाण आणि भांग यांतलं अंतर महत्त्वाचं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खाली उतरतं. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढउतार थोडाच. यावरून बेत आपोआप ठरतो. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दिवशी, आणि त्याच्या आदल्या-दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा-बाराला भरती आणि संध्याकाळी पाच-सहाला ओहोटी येते. म्हणजे नेमकी सूर्यास्ताच्या वेळी पुळण मोकळी. हे दिवस किनाऱ्यासाठी राखून ठेवावेत. भांगाचे दिवस शहरासाठी आणि सड्यांवरच्या, म्हणजे उघड्या कातळी पठारांवरच्या, कातळशिल्पांसाठी.

उधाणाच्या दिवसाचा सगळ्यात चांगला उपयोग उत्तरेकडे जाऊन होतो. सकाळी साडेसहाला शहर सोडावं आणि आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याचा रस्ता धरावा. हे अंतर 25 किलोमीटरच्या आसपास आहे. निवळीवरून गेलात तर बरंच लांब पडतं आणि समुद्रही दिसत नाही. या रस्त्याला चढ-उतार तीव्र आहेत. दुचाकीवर असाल तर वळणांवरच्या बारीक खडीकडे लक्ष असू द्या, पावसाळ्यात तांबड्या मातीच्या चिखलाकडे. घसरायला होतं ते उतारापेक्षा वळणावर जास्त. फोटोसाठी गाडी नेमक्या वळणावर उभी करायचा मोह टाळा, मागून येणाऱ्या एसटीला ती दिसत नाही.

गणपतीपुळ्याला देवदर्शन झालं की डोंगराला प्रदक्षिणा घालावी. इथे डोंगरच गणपती मानतात, म्हणून प्रदक्षिणा देवळाला नसून डोंगराला असते. वाट बांधीव आहे, पण उन्हात ती अनवाणी पायांना पोळते, त्यामुळे सकाळीच घालावी. समोरच्या पाण्यात मात्र उतरू नये. तळ एकाएकी खोल होतो आणि परतणारी लाट पायाखालची वाळू काढून नेते. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस अशानेच पडतो. कोणी आत ओढला गेलाच तर थेट किनाऱ्याकडे हात मारत राहू नये, त्यात दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर यावं आणि मगच वळावं. बाहेरच्यांनी आत उड्या घेऊ नयेत. दोर, रिकामा कॅन, हवा भरलेली ट्यूब, जे मिळेल ते फेकावं.

पुढे मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे. अर्धा तास पुरतो, पण कवीचं घर बघून निघावं. मग जयगड. किल्ला परतीसाठी ठेवा आणि सरळ जेटी गाठा. शास्त्री नदीच्या मुखावर जयगड ते तवसाळ फेरीबोट चालते, तिच्यात गाड्याही चढतात. पलीकडे गुहागर तालुका लागतो आणि तिथून हेदवी जवळ. हेदवीला दशभुजा गणेशाचं देऊळ आहे, पण या दिवशी घाई आहे ती बामणघळीची. किनाऱ्याच्या काळ्या खडकाला एक लांब, अरुंद चीर पडली आहे. भरतीची लाट तिच्यात घुसते, पुढे जायला वाट नसते, आणि कोंडलेलं पाणी मोठा आवाज करून उंच उसळतं. ओहोटीला इथे काहीच होत नाही. लोक येतात, एक भेग बघतात आणि निराश होऊन जातात. म्हणून पूर्ण भरतीच्या तासभर आधी पोचायचं, अमावास्या-पौर्णिमेला साडेदहापर्यंत.

उभं कुठे राहायचं याची खूण खडकावरच असते. जिथपर्यंत शेवाळ आहे, कालवं चिकटली आहेत, तिथपर्यंत पाणी येतं. त्याच्या वर, कोरड्या आणि खरखरीत कातळावर उभं राहावं. चिरेच्या तोंडाशी वाकून बघू नये. दहा लाटा साध्या येतात आणि अकरावी मोठी येते. पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी तर इथे लांबूनच बघावं.

परतताना जयगडचा किल्ला आणि कऱ्हाटेश्वराचं देऊळ करून पाचच्या सुमारास आरे-वारेला या. सकाळी वरून पाहिलं तेव्हा पाणी चढत होतं. आता पुळण उघडी पडलेली असेल आणि ओल्या वाळूत आभाळ दिसेल. डिसेंबरात सूर्य सहाच्या पुढेमागे बुडतो, मेअखेर सात वाजून जातात. फेरी चुकली किंवा बंद असली तर राई-भातगावच्या पुलावरून वळसा घालून येता येतं, मात्र आरे-वारेचा सूर्यास्त त्या दिवशी हुकतो.

शहरासाठी भांगाचा दिवस घ्या. सुरुवात मिरकरवाडा बंदरावर, सकाळी लवकर. नौका लागलेल्या असतात, बर्फ फोडणं चाललेलं असतं, बांगडा, सुरमई, म्हाकूल यांचे ढीग पडलेले असतात आणि लिलावाची बोली भराभर सुटत असते. पायात घट्ट पट्ट्याच्या चपला हव्यात. ओढल्या जाणाऱ्या दोरावरून पाय टाकू नका, डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईला वाट द्या आणि विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नका. ती माणसं कामावर असतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा इथे यांत्रिक नौका नांगरून पडलेल्या दिसतील, लिलाव नाही.

तिथून रत्नदुर्ग, म्हणजेच भगवतीचा किल्ला, जवळच. किल्ल्याचा आकार घोड्याच्या नालेसारखा, तीन बाजूंना समुद्र. बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ आहे आणि बहुतेक लोक तेवढंच करून परततात. तटावरून चालत जावं, म्हणजे खाली बंदर, दुसऱ्या टोकाला दीपगृह आणि पांढरा समुद्र व काळा समुद्र यांतला फरक दिसतो. एका बाजूची वाळू पांढरी, मांडवीच्या बाजूची काळी. तटाचे चिरे काही ठिकाणी सुटे आहेत, कडेवर बसू नका. दहाच्या आत उतरावं, वर सावली नाही.

मग गावात. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे. 23 जुलै 1856 रोजी ते इथे जन्मले. कौलारू घर, थंड जमीन, भिंतींवर छायाचित्रं. पतितपावन मंदिर इथून चालत जाण्याच्या अंतरावर. सावरकर 1924 ते 1937 रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या काळात भागोजीशेठ कीर यांनी हे मंदिर बांधलं आणि 1931 मध्ये ते सर्व जातींच्या हिंदूंसाठी खुलं झालं. मुलं बरोबर असतील तर झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातलं मत्स्यालय चुकवू नका. तिथल्या देवमाशाच्या सांगाड्यासमोर मुलं बराच वेळ उभी राहतात.

थिबा पॅलेस दुपारी. सोमवारी संग्रहालय बंद असतं. सोमवारी पाहुणे घेऊन जाऊन फाटकावरून परतणारे दर आठवड्याला दिसतात. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला 1885 मध्ये इंग्रजांनी पदच्युत केलं आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा 1910 मध्ये पूर्ण झाला आणि 1916 मध्ये थिबा इथेच वारला. त्याला जेमतेम सहा वर्षं या घरात मिळाली. सागवानी लाकूडकाम आणि अर्धगोल कोरीव खिडक्या नीट बघा. संध्याकाळी थिबा पॉइंटवर जा. खाली काजळी नदीची खाडी, भाट्याचा पूल आणि परतणाऱ्या होड्या. अष्टमीच्या आसपास सहाला भरती असते, त्यामुळे खाडी काठोकाठ भरलेली दिसते. ओहोटीला इथे चिखल जास्त दिसतो.

आता कातळशिल्पं. आपल्या जिल्ह्यातली ही खरी श्रीमंती, आणि नेमकी हीच बघायची राहून जाते. जांभ्याच्या उघड्या सड्यांवर माणसं, हत्ती, मासे, पक्षी आणि अर्थ न लागलेल्या चौकोनी आकृत्या खोदलेल्या आहेत. अभ्यासक त्यांतली काही मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ ठिकाणं आली. त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यात आहेत: उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. एका दिवसात दोनच करा. शहराच्या बाजूने उक्षी आणि जांभरूण ही जोडी सोयीची. दक्षिणेला कशेळी एकटंही पुरतं.

काळ डिसेंबर ते मे. पावसानंतर सड्यावर गवत वाढलेलं असतं आणि रेषा त्याखाली हरवतात. वेळ सकाळी नऊच्या आधी किंवा दुपारी चारनंतर. भर दुपारी ऊन सरळ डोक्यावरून पडतं, खोदलेल्या रेषेत सावलीच उरत नाही आणि समोर हत्ती असूनही दिसतो तो नुसता खडबडीत कातळ. ऊन तिरकं झालं की एक कड उजळते, दुसरी काळी पडते, आणि सोंड, पाठ, पाय असं चित्र जमिनीतून उठून येतं. कशेळीचा हत्ती तर सुमारे 18 मीटर लांब आहे. जवळ उभं राहिलं की फक्त रेषा दिसतात. चारही बाजूंनी फेरी मारा, सूर्य समोर ठेवून बघा, मग त्याच्या पोटात कोरलेले इतर प्राणी एकेक करून सापडू लागतात.

शेवटची वाट बहुधा पायवाट असते, ती गावात विचारूनच धरा. सडा सपाट असल्यामुळे दिशा चुकते आणि खुणेला झाड नसतं. माणशी दोन लिटर पाणी, टोपी आणि बूट हवेत. गवतात फुरसं हा विषारी साप असतो. रेषांवर पाय देऊ नका. फोटो उठून दिसावा म्हणून त्यांत खडू, चुना किंवा रांगोळी भरू नका, आणि दगडाने रेषा "साफ" तर मुळीच करू नका. जांभा मऊ असतो, एका घासण्याने कड जाते ती जाते. रेषांत साचलेली माती हाताने किंवा सुक्या झाडूने हलकेच सारली तर चालते, तीही गावातलं कोणी बरोबर असेल तर.

कशेळीला जाताना दक्षिणेचा किनारा आपोआप होतो: भाट्याची सुरूची बनं, पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी, मुचकुंदी नदीच्या मुखावरचा छोटासा पूर्णगड आणि पुलापलीकडे गावखडीची पुळण. कशेळीतच कनकादित्याचं सूर्यमंदिर आहे. सकाळी हत्ती बघायचा असेल तर ही सगळी ठिकाणं परतीवर ठेवा, कारण नऊ वाजून गेले की तो पुन्हा कातळात मिसळून जातो.