कडुनिंब आणि चांदीचे नॅनोकण: या चुका टाळा

कडुनिंबाच्या अर्कात सिल्व्हर नायट्रेट मिसळलं, द्रावण तपकिरी झालं, की कण तयार झाले असं बरेचजण धरून चालतात. पण नुसता अर्कही हवेत काळवंडतो. म्हणून शेजारी दुसरा फ्लास्क ठेवा: अर्क तेवढाच, नायट्रेटऐवजी डिस्टिल्ड वॉटर. यूव्ही-व्हिजिबलवर (द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं ते मोजणारं यंत्र) 400 ते 450 नॅनोमीटरच्या पट्ट्यात शिखर आलं तरच पुढे जा. ब्लँक (यंत्राचं शून्य लावायचा नमुना) मात्र पाण्याचा नको, तितक्याच पातळ केलेल्या अर्काचा घ्या.

नेहमीचं प्रमाण असं: 10 ग्रॅम ताजी पानं 100 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये 60-70 अंशांवर पंधराएक मिनिटं तापवायची, गार करून व्हॉटमन नंबर 1 गाळणकागदातून गाळायची. 1 मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट म्हणजे 100 मिलीत 17 मिलिग्रॅम. त्याच्या 90 मिलीत 10 मिली अर्क.

मिसळताक्षणी दुधी गढूळपणा आला, तर बहुधा क्लोराइड शिरलंय. पानं किंवा काचसामान नळाच्या पाण्याने धुऊन शेवटी डिस्टिल्डने विसळायचं राहिलं की सिल्व्हर क्लोराइड बसतं. रंगच येत नसेल तर पीएच बघा. आम्लधर्मी अर्कात क्रिया रेंगाळते. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकून 8 च्या आसपास आणा. फार पुढे गेलात तर सिल्व्हर ऑक्साइडचा काळपट साका मिळेल. आणि पीएच उतरवायला हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नका, पुन्हा क्लोराइडच! सौम्य नायट्रिक आम्ल चालतं.

खरा घोळ जंतूंवरच्या चाचणीत होतो. अगारमधून (प्लेटमधल्या, जंतू वाढवायच्या जेलमधून) कण फारसे सरकत नाहीत, चांदीचे आयन सरकतात. त्यामुळे नीट न धुतलेला नमुनाच मोठा झोन (जंतू न वाढलेलं वर्तुळ) दाखवतो आणि श्रेय नॅनोकणांना मिळतं. सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी ओतून द्या, डिस्टिल्ड वॉटरमध्ये कण पुन्हा मिसळा. असं किमान तीनदा करा. शेवटच्या धुण्याचं पाणी त्याच प्लेटच्या एका विहिरीत (अगारमधल्या खळग्यात) घाला. तिथेही झोन आला तर आणखी धुवायला हवं. उरलेल्या विहिरींत नुसता अर्क, नुसतं सिल्व्हर नायट्रेट आणि माहितीतलं अँटिबायोटिक हवंच. वेगवेगळ्या नमुन्यांची तुलना झोनच्या मिलिमीटरवरून करू नये. त्यासाठी ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या द्रवात) एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी किमान मात्रा, काढावी. तिथेही कणांचा तपकिरी रंग ओडी (गढूळपणाचा आकडा) फुगवतो, म्हणून जंतू न घातलेली तशीच मालिका शेजारी लावा.

कण सलाइनमध्ये मिसळणं टाळा. मिठाने ते एकमेकांना चिकटतात, शिखर रुंदावतं, तळाशी करडा साका बसतो.

पेशींवर एमटीटी (जिवंत पेशी ज्याला जांभळं करतात त्या पिवळ्या रंगद्रव्याची चाचणी) करताना आणखी एक सापळा: अर्कातले पॉलिफेनॉल पेशींशिवायही एमटीटीला जांभळं करतात, आणि मेलेल्या पेशी जिवंत वाटतात. म्हणून पेशी नसलेल्या विहिरीत कण आणि एमटीटी घालून जो आकडा येईल, तो आधी वजा करा.